चटचट कोणाची?

2024 साली आमच्या घरी फटाके दिवाळीच्या चांगले महिनाभर आधी वाजू लागले. अंगणात नव्हे, माझ्या कानांत! कानांवर हेडफोन चढवून मी टेबलापाशी बसलेला; समोर संगणक, शेजारी जुना टेपरेकॉर्डर, दोघांच्या मध्ये एक छोटे काळे खोके; आणि त्या खोक्यातून एकसारखे चट्, पट्, चट्‌चट्. आमच्या सौ.नी दोनदा दारातून डोकावून पाहिले आणि तिसऱ्यांदा विचारलेच, "अहो, पेपर तपासायचे सोडून हे काय चाललंय?"

चालले होते ते असे. 1986 च्या दिवाळीआधी वाईजवळच्या आमच्या गावी माझ्या काकांनी आजीच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतल्या होत्या. गावात पिठाची गिरणी येऊन कितीतरी वर्षे लोटली होती. पण लेकाच्या हट्टाखातर आजी जात्यावर बसली आणि चकलीची भाजणी दळता दळता अर्धा तास गायली. मी तेव्हा सहा वर्षांचा. मला ओसरीवर तोंडावर बोट ठेवून बसवले होते, एवढेच आठवते. पुढे दोन वर्षांनी आजी गेली. काकाही गेले. मागे राहिली ती एक कॅसेट, आणि ती ऐकण्याची सर्वांत जास्त ओढ असलेली आमची धाकटी आत्या. तिला ब्याऐंशी वर्षे पूर्ण झालेली. कानांनी दगा द्यायला सुरुवात केलेली. श्रावणात तिचा फोन आला. "बाळू, कान पुरते जायच्या आत आईचा आवाज एकदा ऐकव रे."

भाऊबीजेला माझ्या वडिलांना ओवाळायला ती दरवर्षी आमच्याकडे येतेच. मी म्हटले, "भाऊबीजेला नक्की." असे शब्द देताना माणूस फार विचार करीत नाही.

आता कुणी म्हणेल, कॅसेट लावायची आणि ऐकवायची, त्यात काय अवघड आहे? पण कॅसेट ही मोठी नाजूक चीज. फिलिप्सने ती 1963 साली जगापुढे आणली. आतली फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद, आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीने ती सरकते. तिच्यावरच्या बारीक चुंबकीय भुकटीत सगळा आवाज साठवलेला. फीत जुनी झाली की प्रत्येक वाजवण्यागणिक ती थोडी थोडी झिजते. म्हणून शहाणपणाचा मार्ग हाच की, ती शक्य तितकी कमी वेळा वाजवावी आणि आवाज संगणकात उतरवून घ्यावा.

या उतरवून घेण्याचे काम करते ते मधले खोके. त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. टेपरेकॉर्डरकडून आलेला आवाज ते सेकंदाला 44,100 वेळा मोजते आणि प्रत्येक मोजणीचा आकडा संगणकाकडे पाठवते. लोकसाहित्याच्या एका छोट्या अभ्यासासाठी मी ते 2009 साली घेतले होते. पंधरा वर्षांत त्याने कधी तक्रार केली नव्हती. आणि नेमकी आजीची पाळी आली तेव्हा ते बिघडले!

आमचा एक जुना विद्यार्थी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे. त्याला फोन केला. मला वाटले, तो म्हणेल, नवे घ्या. तो म्हणाला, "सर, आधी सांगा, चटचट कोणाची? टेपची, खोक्याची, की संगणकाची?"

"ते मला काय ठाऊक?"

"मग ते आधी ठरवा. एक फालतू कॅसेट घ्या. तिचा तोच भाग दोनदा उतरवा. दोन्हीत त्याच जागी जी चटचट येईल ती कॅसेटमधली. जी जागा बदलेल ती पुढच्या यंत्रांची. आणि सर, आजींच्या कॅसेटला इतक्यात हात लावू नका."

मी फोन खाली ठेवला आणि मला हसू आले. वीस वर्षे मी वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. जुन्या पोथीच्या अनेक नकला समोर ठेवायच्या. जे सगळ्यांत सारखे आहे ते बहुधा मूळचे, आणि जे एकाच प्रतीत आहे ते बहुधा नकलकाराच्या डुलकीचे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मी दरवर्षी मुलांना सांगतो. आणि माझ्याच घरात एक नकलकार डुलक्या घेत होता, तो मला ओळखता येऊ नये!

आरत्यांची एक कॅसेट काढली. दोन मिनिटांचा भाग दोनदा उतरवला, वही घेऊन बसलो आणि परीक्षेचे गुण मांडावेत तशी चटचट मांडली. मिनिटाला एकतीस! आणि दोन्ही नकलांत एकीची जागा दुसरीशी जुळेना. म्हणजे आरत्या निर्दोष होत्या.

प्रथम आवाजाची पातळी पाहिली. खोक्यावरचे बटन फार वर असले तर मोठा आवाज मापात मावत नाही, फाटतो, आणि तेही तडतडण्यासारखेच ऐकू येते. बटन खाली आणले. एकतीसचे एकतीसच. तर दोष तो नव्हे.

मग विद्यार्थ्याने 'बफर' नावाचे प्रकरण समजावून सांगितले. नळाखाली बादली लावली आहे अशी कल्पना करा. खोके म्हणजे नळ. त्यातून आकड्यांची धार अखंड चालू. बादली भरली की संगणकाने ती उचलायची आणि दुसरी लावायची. बादली केवढी, ते आपण ठरवायचे. माझ्याकडे ती 128 आकड्यांची होती. म्हणजे तीन सहस्रांश सेकंदांतच भरणारी. संगणक तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या कामात गुंतला की बादली भरून वाहते. जे सांडले ते गेले, आणि जिथे सांडले तिथे 'चट्'! लहान बादलीची गरज गाणाऱ्याला असते, कारण स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये त्याला तत्काळ ऐकू यावा लागतो. आजीला ती गरज नव्हती. मी 1024 ची बादली लावली. ती भरायला तेवीस सहस्रांश सेकंद लागतात. चटचट मिनिटाला बारावर आली.

आता संगणक कशात गुंततो ते पाहायचे. वायफाय बंद केले. वीज वाचवण्यासाठी संगणक अधूनमधून यूएसबीच्या जोडण्यांना झोपवतो, ती सवय बंद केली. खोक्याचा आणि संगणकातल्या प्रोग्रॅमचा मोजणीचा आकडा एकच, 44,100, आहे ना, हेही पाहून घेतले. मग लक्षात आले की, माऊस, प्रिंटर आणि हे खोके अशी तिघांची वायर एकाच यूएसबी हबमध्ये खोचलेली आहे. जुन्या पद्धतीच्या यूएसबी जोडणीतून पाच व्होल्टने जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर वीज मिळते, आणि तेवढ्यात तिघांचा संसार! खोक्याला संगणकाच्या मागच्या बाजूस स्वतंत्र जागा दिली, वायरही नवी आणली. मिनिटाला पाच.

इथे आठवडाभर गाडे अडले. पण वही ठेवण्याचा एक फायदा असा की, ती बोलते. तिच्यात दिसले की, खोके सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे चटचट जास्त असते, आणि ते गरम झाले की कमी होते. थंडीच्या दिवसांत सकाळी उठताना वडिलांचे गुडघे जसे आधी कुरकुरतात आणि चार पावले टाकली की मोकळे होतात, तसे.

खोके घेऊन पासोड्या विठोबापाशी गेलो. तिथल्या गल्लीत एक दुरुस्तीवाले आहेत. त्यांनी ऐकून घेतले आणि झाकण न उघडताच म्हणाले, "कपॅसिटर सुकलेत." आत येणारी वीज संथ करणारी ही छोटी डबडी. काही जातींत आत एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो सुकत जातो. मग वीज हेलकावे खाते आणि ते हेलकावे आवाजात उतरतात. थंड असताना हा दोष जास्त जाणवतो. त्यांनी चार कपॅसिटर बदलले, बटनांच्या आत साफ करणारा फवारा मारला आणि म्हणाले, "सर, पंधरा वर्षांत धूळ तर साठणारच. आता आणखी काही वर्षं बघायला नको."

घरी येऊन आरत्या लावल्या. दहा मिनिटांत एकही चट् नाही. मी इतक्या मोठ्याने "वा!" म्हटले की, सौ.ना वाटले, एखाद्या मुलाने पेपरात काही बरे लिहिले.

मग आजीची कॅसेट. टेपरेकॉर्डरचे डोके कापसाच्या बोळ्याने अल्कोहोल लावून पुसले आणि ओव्या दोनदा, फक्त दोनदा, उतरवल्या. जात्याची घरघर सुरू झाली आणि तिच्यातून आजीचा आवाज वर आला. अडतीस वर्षांनी! महाराष्ट्रातल्या बायकांनी जात्यावर काय काय सांगून ठेवले आहे ते हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांतून कळते. मी वर्गात त्यांविषयी बोलतो. पण हा आवाज मला हाताला धरून घरात नेणारा होता.

आणि त्या आवाजाच्या मागे, पुन्हा चट्‌चट्! दोन्ही नकला ताडून पाहिल्या. प्रत्येक चट् दोन्हींत त्याच जागी. म्हणजे खोके निर्दोष होते. मी निकाल दिला : फितीवरची धूळ. संगणकात चटचट पुसणारी सोय असते. ती चालवली. तासाभरात आजी अगदी स्वच्छ झाली. मूळ फाईल मात्र विद्यार्थ्याच्या धाकाने बाजूला ठेवली होती. "पुसापुशी नेहमी नकलेवर करा, सर," असे त्याने बजावले होते.

भाऊबीजेला ओवाळणी झाली. आत्याला खुर्चीत बसवले आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. तिने डोळे मिटले. तिचा हात मांडीवर आपोआप गोल फिरू लागला. सगळे घर गप्प. पाच मिनिटांनी तिने डोळे उघडले.

"आवाज आईचाच. पण चूल कुठे गेली?"

"कसली चूल, आत्या?"

"अरे, मी तिथंच तर बसले होते. दुसऱ्या घाण्याची भाजणी भाजत होते. परतीचा पाऊस झालेला, सरपण ओलं. सारखं चटचट उडत होतं. दादा मला म्हणालासुद्धा, तू बाहेर जा, टेपात आवाज येतोय. आई म्हणाली, बसू दे तिला."

मी काही न बोलता मूळ फाईल लावली. ती ऐकत राहिली. एका ठिकाणी लागोपाठ तीन-चार चट् आले, आणि आत्या खुदकन हसली. "बघ, ही मी. फुंकणीनं फुंकलं तेव्हाची."

त्या सबंध कॅसेटमध्ये आत्याचा एक शब्दही नाही. ती तिथे होती याची खूण काय ती तेवढीच. आणि ती मी एका संध्याकाळी, चहा पीत पीत, पुसून टाकली होती. दोन्ही प्रतींत सारखे असेल ते मूळचे, हे शिकवणारा मी. पण मूळचे आहे हे कळूनही मी त्याला धूळ ठरवले. नकलकाराला दोष देणे सोपे असते. संशोधकाचा हातही त्याच्याइतकाच घसरतो.

आता मूळ फाईल आत्याच्या नातीकडेही आहे आणि आमच्या घरी दोन ठिकाणी आहे. स्वच्छ केलेली प्रत मी काढून टाकली. उरलेल्या चटचटीत थोडी धूळही असेल. असू दे.

ज्यांच्या घरी असे एखादे जुने खोके आणि एखादी जुनी कॅसेट असेल त्यांनी क्रम एवढाच लक्षात ठेवावा : आधी दोन नकला ताडून पाहाव्यात, मग बादली मोठी करावी, वायर आणि जागा बदलावी, आणि तरी भागले नाही तर दुरुस्तीवाला गाठावा. एवढे करूनही जी चटचट त्याच जागी राहील, तिच्यावर बोळा फिरवण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ती ऐकवावी. त्या वेळी चुलीपाशी कोण बसले होते, हे यंत्राला ठाऊक नसते.