अडीच तिकिटांचा प्रवास, आणि मुक्कामाचं काय?

नागपूरच्या साध्या पगारदार कुटुंबाला सुट्टीत डोंगर परवडत नाही, असं आजकाल सगळे धरूनच चालतात. आमच्या प्रताप नगरात मे महिन्यात बोलणं निघतं ते काश्मीरचं, मनालीचं, नाहीतर "यंदा काही नाही, पोरं मामाकडे जातील" असं. या दोहोंच्या मध्ये साडेतीन हजार फुटांहून उंच चिखलदरा आहे, पचमढी आहे, नवेगावबांधचं तळं आहे. ही सगळी ठिकाणं एका दिवसात गाठता येतात. तिथे जाणं परवडतं. परवडत नाही ते तिथे रात्री राहणं, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी जाण्याचा हिशेब. आमच्या घरी नवरा, मी, बारा वर्षांखालची दोन मुलं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२च्या ऑगस्टपासून तिकीटच नाही. मुलांचं अर्धं. म्हणजे नवऱ्याचं एक, माझं अर्धं, मुलांचं मिळून एक, सासूबाईंचं काहीच नाही. पाच माणसं आणि अडीच तिकिटं! रेल्वेत हे जमत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला झोपायला स्वतंत्र बर्थ हवी असेल तर एप्रिल २०१६पासून पूर्ण भाडं द्यावं लागतं, आणि ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली ती बंदच. त्यामुळे आमच्यासारख्यांसाठी लाल बस हेच सुट्टीचं वाहन. गणेशपेठहून अमरावती, अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट चढून चिखलदरा. गाडी बदलावी लागते, दिवस जातो, पण खिडकी मिळाली की मुलांची तक्रार नसते. एसटीची ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, तेव्हा पचमढीला निघालं की हिशेब बदलतो. चिखलदऱ्याला मात्र पूर्ण लागू.

कधी जायचं, हेही पैशाचंच गणित आहे. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांच्या आसपास तापतं, घरातला कूलर गरम हवा फेकायला लागतो आणि सगळे एकदमच वर धावतात. तेव्हा चिखलदऱ्याचे धबधबे कोरडे असतात आणि खोल्यांचे दर चढे. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. नवतपा संपून पहिला पाऊस पडलेला असतो आणि शाळेची घंटा वाजायची असते, त्या मधल्या दिवसांत डोंगर हिरवा होऊ लागतो आणि गर्दी ओसरलेली असते. दुसरी वेळ दिवाळीच्या सुट्टीतली. लक्ष्मीपूजन, भाऊबीज उरकून निघायचं. पाणी अजून वाहत असतं, थंडी गुलाबी असते, आणि फराळाचा डबा घरचाच असल्याने एक वेळचं खाणं तसंच निघतं.

चिखलदऱ्यात मुलांना काय दाखवायचं, असं मला शेजारणी विचारतात, जणू तिथे झुले आणि खेळण्यांची गाडी असल्याशिवाय पोरं रमणार नाहीत. पंचबोल पॉइंटला उभं करून त्यांना हाक मारायला सांगा. आवाज दरीतून परत परत येतो, आणि अर्धा तास कुणी हलत नाही. भीमाने कीचकाला मारलं ते इथेच अशी कथा आहे, भीमकुंड त्याच कथेतलं. आमच्या सासूबाई ती इतकी रंगवून सांगतात, की शेजारच्या कुटुंबाची मुलंही येऊन बसतात. गाविलगड तर अख्खा एक दिवस खातो. १४२५ साली बहमनी सुलतान अहमदशहाने तो बांधला. १८०३च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, तोच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. पाचवीतल्या मुलाला हे तटावर उभं राहून कळतं तेव्हा त्याला इतिहासाचं पुस्तक आठवत नाही, वेलस्लीच्या तोफा या कड्यावर चढवल्या कशा, हा प्रश्न पडतो. महाराष्ट्रात कॉफी होते ती इथे, तिचा कप घ्यावा, आणि गवळ्यांच्या दुधाची रबडी घ्यावी. यातल्या कशालाच मोठे पैसे पडत नाहीत.

नवेगावबांध याहून स्वस्त. वाघ दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडला तर जंगल फार परवडतं. जिप्सी, गाइड, प्रवेश शुल्क मिळून सफारीचा आकडा एका कुटुंबाच्या किराण्याइतका होतो, आणि एवढं करून वाघ दिसेलच असं नाही. त्यापेक्षा एक साधी दुर्बीण घेऊन तळ्याकाठी बसावं. याच तळ्यावर मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले, इथले पक्षी त्यांनी वर्षानुवर्षं न्याहाळले. हे तळं कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलं. पूर्व विदर्भातली कितीतरी तळी त्यांचीच. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी एवढं पाणी अडवलं, हे मुलांनी बांधावर चालत पाहिलं पाहिजे.

आता मुक्काम. इथे सगळा हिशेब कोसळतो. खोली दोघांची असते. मुलं दहाच्या वर गेली की त्यांचं वेगळं लावतात, आजीची गादी वेगळी. एका डोंगरी गावात आम्हा पाच जणांना दोन खोल्या घ्यायलाच लावल्या. दोन रात्रींचं भाडं एवढं झालं, की जाण्या-येण्याच्या खर्चाला त्याने कितीतरी मागे टाकलं. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली तर दर कुठवर जातील ते विचारू नये. मेळघाटात सेमाडोहला, कोलकासला वनखात्याची निवासं आहेत, आणि सेमाडोह तर परतवाडा-धारणी रस्त्यावरच आहे. पण तशी ठिकाणं मोजकी, आणि सुट्टीत ती मिळवायची म्हणजे आधीपासून मागे लागावं लागतं.

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. त्यांनी आयुष्यात 'टूर' केली नाही, पण नागद्वारची यात्रा केली. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस विदर्भातून माणसांचे लोंढे पचमढीच्या डोंगरात शिरतात. शेतमजूर, भाजीवाल्या, रिक्षावाले, कामगार. सातपुड्याच्या ऐन पावसात, ओढे ओलांडत, शिड्या चढत चालतात. जागोजागी मंडळांचे भंडारे असतात, तिथे पोटभर जेवण मिळतं. रात्री ताडपत्रीखाली पाठ टेकायची. एसटी त्यासाठी जादा गाड्या सोडते. ज्या धूपगडाच्या कुशीत लोक हजारो रुपयांची खोली घेतात, तिथे माझे वडील आठवडाभर राहून यायचे आणि पुढे महिनोन्महिने त्या धुक्याबद्दल बोलायचे. यात्रेने हे जमवलं ते तीन गोष्टींवर: गाडी, जेवण आणि डोक्यावर छत. यात श्रद्धेचा भाग आहेच, पण व्यवस्थेचाही आहे. मग बिनयात्रेच्या दिवसांत, मुलाबाळांच्या सुट्टीसाठी हीच व्यवस्था का उभी राहू नये?

केरळने ती केली आहे. तिथल्या सरकारी परिवहन महामंडळाने २०२०मध्ये मुन्नारच्या आगारात जुन्या बसगाड्यांना झोपायच्या बर्थ बसवल्या आणि शंभर रुपयांत प्रवाशाला रात्रीचा मुक्काम दिला. मुन्नारसारख्या महागड्या गावात शंभर रुपये! पुढच्या वर्षी त्यांनी स्वस्त सहलींसाठी वेगळा विभागच काढला, आगारांतून घाटा-जंगलांकडे गाड्या निघू लागल्या. ज्यांनी कधी आपल्या राज्यातला डोंगर पाहिला नव्हता, त्यांच्या घरापर्यंत सहल पोहोचली.

आपल्या एसटीकडे भंगारात निघणाऱ्या गाड्यांची कमी नाही. परतवाड्याला आगार आहे, वर चिखलदऱ्याला स्थानक आहे. पर्यटन विकास महामंडळ १९७५पासून आहे आणि चिखलदऱ्यात त्याचं निवासस्थान आहे. त्याच आवारात सहा-आठ खाटांच्या कौटुंबिक खोल्या, स्वच्छ संडास, गरम पाणी आणि स्वयंपाकाला एक ओटा एवढं दिलं तर आमच्यासारखी घरं शिधा बांधून येतील. आम्हाला टीव्ही नको, गालिचा नको. बाईमाणसाला रात्री निर्धास्त झोपता यावं, दाराला आतून कडी असावी, आवारात दिवा असावा. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मुक्काम स्वस्त करायचा म्हटलं की आधी याच गोष्टींना कात्री लागते.

चिखलदऱ्याच्या विकासासाठी सिडकोला नेमलं आहे, काचेच्या स्कायवॉकचं काम गाजतं आहे. तो होवो. पण तो पाहायला येणाऱ्या कुटुंबाने संध्याकाळी खाली परतवाड्याची शेवटची गाडी पकडायला धावायचं असेल, तर डोंगराची पहाट त्याला कधी दिसणार? डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं. विदर्भातल्या आमदारांनी तिथे एवढंच मागावं: परतवाडा आगारातल्या दोन जुन्या गाड्या, त्यात बर्थ, आणि एसटीच्या तिकिटासोबतच त्यांचं आरक्षण. जूनमधले शाळेआधीचे ते आठ दिवस सुरुवात करून पाहायला पुरेसे आहेत.