विश्लेषण : युद्धाच्या कादंबऱ्या एकत्र बसून का वाचायच्या?

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत युद्ध मुंबईकरांच्या मोबाइलवर येऊन पोहोचले. व्हिडीओ गेममधील दृश्येही खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरली. क्षेपणास्त्राचा पल्ला किती, ड्रोन कोणाचे पडले, यावर ग्रुपवर वाद रंगले. पूंछमध्ये तोफमाऱ्यात गेलेले सामान्य नागरिक त्या गदारोळात मागे पडले. पवईसारख्या अभियंत्यांच्या वस्तीत तर पल्ला आणि वेग यांची चर्चा सहज सुरू होते. म्हणूनच इथल्या वाचनकट्ट्यांनी युद्धावरची कादंबरी हाती घ्यायला हवी.

‘रणांगण’मध्ये लढाई कुठे आहे?

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ मध्ये आली. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेच हे वर्ष. कादंबरीत तोफ नाही, खंदक नाही. युरोपातून निघालेली एक बोट आहे. तीत परतणारा चक्रधर आहे आणि देश सोडावा लागलेली ज्यू तरुणी हर्टा आहे. मुंबई आली की चक्रधर उतरतो, हर्टाला पुढे जावे लागते. त्या काळात व्हिसाशिवाय उतरता येईल अशी शांघायसारखी बंदरे जगात मोजकीच होती. निर्वासित म्हणजे काय, हे ही छोटी कादंबरी आकडे न देता सांगते.

मग ‘पानिपत’चे काय?

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ ची. तिच्यावर गप्पा सुरू झाल्या की भाऊसाहेबांची गोलाची लढाई चुकली का, होळकर आधी का निघाले, हेच प्रश्न निघतात. प्रश्न रास्त आहेत. पण १४ जानेवारी १७६१ च्या आधी रसद तुटून छावणीत उपासमार झाली होती आणि सैन्याबरोबर यात्रेकरू, बायका-मुलेही होती. त्यांच्याबद्दल कट्ट्यावर कोणी विचारते का?

अशा लेखनाने शौर्याचा अपमान होतो का?

हा आक्षेप जुना आहे. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ लिहिणारे एरिक मारिया रेमार्क स्वतः पहिल्या महायुद्धात जखमी झालेले सैनिक होते. तरीही १९३३ मध्ये नाझींनी त्यांचे पुस्तक जाळले. सैनिकाची भीती सांगितली म्हणून त्याचे धैर्य कमी होत नाही. भीती असूनही तो उभा राहिला, हे त्यातूनच कळते. युद्ध कधीच करू नये, असा निष्कर्ष प्रत्येक वाचकाने काढावा असेही नाही. किंमत कोण मोजतो, एवढे मात्र ठाऊक हवे.

एकट्याने वाचणे पुरेसे नाही का?

एकटा वाचक आपल्याला आवडते तेवढेच टिपतो. कट्ट्यावर निवृत्त फौजी, फाळणीत घर सोडलेल्या कुटुंबातली आजी आणि व्यूहरचनेत रमणारा विद्यार्थी एकाच पानावर तीन गोष्टी वाचतात. ग्रुपवर मत न पटणाऱ्याला म्यूट करता येते, समोर बसलेल्याचे ऐकून घ्यावे लागते.

म्हणून पवईतल्या कट्ट्यांनी सुरुवात ‘रणांगण’पासून करावी आणि पहिला प्रश्न ‘कोण जिंकले?’ हा ठेवू नये. ‘कोणाला घर सोडावे लागले?’ हा ठेवावा. पुढच्या वेळी मोबाइलवर युद्ध सुरू होईल, तेव्हा एखादा व्हिडीओ फॉरवर्ड करण्याआधी बोट क्षणभर थांबले, तरी वाचन कामी आले.