घराचा उंबरठा आणि कचेरीची खिडकी

समलिंगी व्यक्तींच्या विवाहास कायद्याची मान्यता असावी की नसावी, हा प्रश्न २०२३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपुढे सविस्तर चर्चिला गेला. त्या वर्षीच्या १७ ऑक्टोबरला निकाल लागला, वर्तमानपत्रांचे रकाने काही दिवस भरून वाहिले, आणि मग इतर अनेक प्रश्नांप्रमाणे हाही मागे पडला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्ज फेटाळले गेले, तेव्हा त्याची फारशी चर्चाही झाली नाही. ज्यांचा ह्या प्रश्नाशी संबंध येत नाही त्यांनी तो विसरावा, हे स्वाभाविकच आहे. माझा संबंध येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभीच माझी भूमिका सांगून टाकतो, म्हणजे वाचकांस माझे म्हणणे तोलून पाहता येईल. मी मूळचा बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. गायकवाडीत नोकरी करीत आमचे घराणे इथे रुजले, त्यास चार पिढ्या होऊन गेल्या. पुढे मी न्यूयॉर्कला गेलो. माहितीपट तयार करणे हा माझा व्यवसाय. मी समलिंगी आहे. २०१६ साली मी तेथे एका अमेरिकन गृहस्थाशी रीतसर विवाह केला. तो पेशाने ग्रंथपाल आहे. नागरिकत्व मात्र मी अद्याप भारताचेच ठेवले आहे. हे सांगण्यात काही शौर्य आहे असे मला वाटत नाही. पण ज्याच्या पायाला काटा लागला आहे त्याने काट्याविषयी बोलताना त्रयस्थाचा आव आणू नये, एवढाच हेतू.

विवाह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मांडव, सनई आणि पंगत उभी राहते. परदेशी जाऊन राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र आधी कचेरीची खिडकी येते. ह्या देशात कोणी राहावे, कोणी किती दिवस राहावे, कोणाबरोबर कोणी यावे, हे ठरविण्याचा अधिकार सरकारचा असतो. आणि हा निर्णय घेताना सरकार माया विचारीत नाही, नाते विचारते. नात्याचा दाखला नसेल तर वीस वर्षांचा सहवासही त्या खिडकीपाशी कवडीमोल ठरतो. म्हणून स्थलांतरिताच्या दृष्टीने विवाहाचा कायदा हा प्रथमतः राहत्या घराचा कायदा असतो. माझ्या मते ह्या साऱ्या वादातील हीच बाजू सर्वांत कमी बोलली गेली आहे.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तो देश ह्या बाबतीत पूर्वीपासून उदार होता अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. १९५२ च्या तेथील कायद्याखाली समलिंगी परकीयास मनोविकृत ठरवून देशात येण्यास मज्जाव करीत. १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ह्याच आधारावर एका कॅनेडियन माणसाची हद्दपारी कायम केली. ही बंदी उठावयास १९९० साल उजाडावे लागले.

ह्या इतिहासातील एक प्रकरण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. मनिला येथे जन्मलेले पण अमेरिकेचे नागरिक झालेले रिचर्ड अ‍ॅडम्स आणि ऑस्ट्रेलियाचे अँथनी सलिव्हन ह्यांनी १९७५ साली कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे विवाह केला. क्लेला रोरेक्स नावाच्या तेथील महिला अधिकाऱ्याने कायद्याचे पुस्तक पाहिले. त्यात असा परवाना देण्यास कोठेच मनाई दिसली नाही, म्हणून तिने तो दिला. अ‍ॅडम्स ह्यांनी पतीला वास्तव्याची परवानगी मिळावी म्हणून अर्ज केला. सरकारी खात्याने तो नाकारला, आणि नाकारताना लेखी उत्तरात दोघांना उद्देशून एक अत्यंत हलकी शिवी वापरून, अशा दोघांत खरे वैवाहिक नाते असूच शकत नाही, असे कळविले. दोघे न्यायालयात गेले. १९८२ साली वरिष्ठ न्यायालयातही हरले. मध्यंतरी काही काळ देश सोडून युरोपात भटकले. पुढे परतून त्यांनी पुन्हा संसार मांडला; पण सलिव्हन ह्यांच्या डोक्यावर हद्दपारीची तलवार कायम टांगलेली. डिसेंबर २०१२ मध्ये अ‍ॅडम्स वारले. पुढे सहाच महिन्यांनी, २६ जून २०१३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला अशा विवाहांची दखल घ्यावयास लावणारा निकाल दिला. सलिव्हन ह्यांना वास्तव्याची परवानगी मिळाली ती २०१६ साली, विधुर म्हणून. टॉमस मिलर ह्यांनी ह्या दोघांवर ‘लिमिटेड पार्टनरशिप’ हा माहितीपट काढला आहे. न्याय मिळाला; पण ज्याच्यासोबत राहण्याकरिता तो मागितला होता, तो माणूसच उरला नव्हता. न्यायास उशीर म्हणजे काय, हे मला ह्या कथेइतके दुसऱ्या कशाने उमगलेले नाही.

ह्या कायद्यामुळे माणसांना कसली सोंगे घ्यावी लागतात, हे आंग ली ह्या तैवानहून अमेरिकेस गेलेल्या दिग्दर्शकाने १९९३ च्या ‘द वेडिंग बँक्वेट’ ह्या चित्रपटात दाखविले. बर्लिनच्या महोत्सवात त्यास सुवर्ण अस्वलाचा मान मिळाला. त्यातील नायक न्यूयॉर्कमध्ये आपल्या पुरुष जोडीदारासह सुखाने राहतो. पण आईवडिलांच्या समाधानासाठी तो एका चिनी चित्रकार मुलीशी लटके लग्न लावतो, आणि तिला त्यामुळे अमेरिकेत राहण्याची परवानगी मिळणार असते. प्रेक्षक पोट धरून हसतो. पण हसून झाल्यावर ध्यानात येते की कायद्याच्या दृष्टीने त्या घरातील खोटे लग्न खरे होते आणि खरे लग्न खोटे! २०२५ साली अँड्र्यू आन ह्यांनी हीच कथा नव्याने पडद्यावर आणली. आता विवाहाची दारे कायद्याने उघडी आहेत. तरी परवानगीसाठी लटक्या लग्नाचा घाट त्यातही आहेच. कायदा बदलला म्हणून घरच्या माणसांची भीती आणि परवान्याची चिंता एका दिवसात सरत नाही, हे त्यावरून दिसते.

माझे स्वतःचे काम २०१६ मध्ये सुकर झाले, ते ह्या आधीच्या लोकांनी खस्ता खाल्ल्या म्हणून. २०१५ साली त्या देशातील सर्व राज्यांत समलिंगी विवाह वैध ठरले होते. तरीही विवाह खरा आहे हे सिद्ध करावेच लागते. ते तेथे सर्वच जोडप्यांना करावे लागते. घरभाड्याचा करार दोघांच्या नावे, बँकेचे खाते दोघांच्या नावे, प्रवासाची तिकिटे, सणासुदीची छायाचित्रे असे बाड जमवून अधिकाऱ्यापुढे ठेवावयाचे. आयुष्यभर परक्या घरांत कॅमेरा घेऊन हिंडलो. आता स्वतःच्याच संसाराचा माहितीपट, तोही कागदावर, तयार करण्याची पाळी आली. त्याचा प्रेक्षक एकच, आणि टीकाकारही तोच! सुदैवाने त्याला तो पटला.

खरी अडचण ह्यापुढची आहे, आणि ती उलट्या दिशेची आहे. माझी आई एकटी बडोद्यास असते. तिने ऐंशी ओलांडली आहे. मला परत येऊन तिच्याजवळ राहावयाचे आहे. मी भारताचा नागरिक. मला कोण अडविणार? पण माझ्या यजमानांना, हा शब्द वाचकांनी सोसून घ्यावा, येथे येण्याचा मार्ग पर्यटकाचाच. अमेरिकन पर्यटकास एका वेळी सलग १८० दिवसांहून अधिक राहता येत नाही. वास्तविक भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यात चांगली तरतूद आहे. विवाह नोंदलेला असेल आणि निदान दोन वर्षे टिकलेला असेल, तर त्यास परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ‘ओसीआय’, कार्ड मिळू शकते. त्या कलमातील इंग्रजी शब्द पती वा पत्नी असा भेद करीत नाही. ह्याच मुद्द्यावर २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली. परंतु आमचा विवाह भारतात विवाह म्हणून ओळखलाच जात नाही, तेव्हा तरतुदीचा उपयोग काय? एका कचेरीत मी विचारणा केली असता तेथील गृहस्थ मोठ्या सौजन्याने म्हणाले, “आपण त्यांना मित्र म्हणून का आणीत नाही?”

त्या गृहस्थांच्या बोलण्यात दुष्टावा मुळीच नव्हता. उलट आपल्या समाजाचा सारा चांगुलपणा आणि साऱ्या मर्यादा त्या एका वाक्यात आहेत. आमच्याही घरी तो मित्र म्हणूनच येतो. आई त्याच्यासाठी आवर्जून पुरणपोळी करते, तो निघाला की त्याच्या हातावर दही घालते. शेजारच्या काकू त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. कोणी काही विचारीत नाही आणि कोणी काही सांगत नाही. जुन्या घरांतील ही समजूतदार अबोली मला कमी लेखावयाची नाही. तिने अनेकांना जगविले आहे. पण ती उंबरठ्याच्या आतच चालते. रुग्णालयात सही कोणाची घ्यावयाची, माझ्या पश्चात राहत्या घराचे काय, पारपत्रावर शिक्का कोणता मारावयाचा, ह्या प्रश्नांपुढे ती मुकी होते. कचेरीच्या खिडकीवर मित्र नावाचा रकाना नाही.

२०२३ च्या निकालाकडे ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा न्यायालयाने बदलून वाचावा असेही नाही, ह्यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. विवाह नव्हे पण त्याच्या जवळ जाणारे नागरी नाते मान्य करावे काय, ह्यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात राहिले. अशा जोडप्यांच्या अडचणी पाहण्यासाठी समिती नेमण्याचे आश्वासन सरकारने दिले होते. त्याप्रमाणे २०२४ साली मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. त्याच वर्षी शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांस एका कुटुंबातले मानावे, आणि बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व एकमेकांचे नाव वारस-नोंदीत लावण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे खुलासे सरकारने केले. ह्यांस क्षुल्लक म्हणणारे म्हणोत. मी म्हणणार नाही. ज्या सरकारने दोघांना एका शिधापत्रिकेवर घेतले, त्याने ते एका चुलीवर जेवतात हे मान्य केले. आता एका चुलीवर जेवणारे दोघे एकमेकांचे कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर किती काळ टाळता येईल?

परंपरेचा आक्षेप शिल्लक राहतो. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण माझ्या आईच्या मनातही तो आहे. पण बडोद्याच्या मराठी माणसाला परंपरा सांगताना थोडे जपूनच सांगावे लागते. १८७५ साली कवळाणे गावच्या शेतकरी घरातील एक मुलगा येथे आणला गेला. दत्तकविधान झाले आणि तो ह्या गादीचा पुत्र ठरला. रक्ताने नव्हे, संस्काराने आणि कायद्याने. त्या दत्तकाने ६० वर्षांहून अधिक काळ राज्य केले आणि हे शहर घडविले. दत्तक आणि विवाह एकच नव्हेत, हे मीही जाणतो. पण नाते निसर्गच देतो, समाज ते देऊ शकत नाही, असे म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी उरत नाही. त्याच सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला; देशभर ती सोय व्हावयास १९५५ चा हिंदू विवाह कायदा यावा लागला. त्याही वेळी धर्म बुडाल्याची ओरड झालीच असेल. धर्म बुडाला नाही. काही दुःखी स्त्रियांची सुटका तेवढी झाली.

आशेला जागा आहे काय? मला वाटते, आहे. आणि ती फार दूरच्या देशांत शोधावयास नको. शेजारच्या नेपाळमध्ये २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका नेपाळी नागरिकाच्या जर्मन पतीस जोडीदार म्हणून प्रवेशपत्र द्यावे असा आदेश दिला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथे पहिला समलिंगी विवाह नोंदला गेला. जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये असे विवाह कायदेशीर आहेत. आपल्याकडे हे काम आता न्यायालयाचे राहिले नसून संसदेचे झाले आहे, आणि संसद लोकमतामागून चालते. लोकमत कसे घडते, ह्याविषयी मी माझ्या धंद्यापुरते सांगू शकतो. रोहन कानवडे ह्यांच्या ‘साबर बोंडं’ ह्या मराठी चित्रपटास २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला एक तरुण, लग्न कधी करतोस म्हणून मागे लागलेले नातेवाईक, आणि गावातला बालपणीचा सोबती, एवढीच ती कथा. तीत घोषणा नाहीत. ती मराठीत बोलते, आणि म्हणूनच हे खूळ परदेशातून आले आहे, असे म्हणणाऱ्यास ती न बोलता उत्तर देते.

वाचकांकडे माझी मागणी मोठी नाही. कोणी मोर्चे काढावेत असे मी म्हणत नाही. परक्या मुलखात येऊन घरे करणाऱ्यांचे आपण वंशज आहोत. नव्या गावात माणसाला ठाव लागण्यासाठी नाते आणि दाखला दोन्ही लागतात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. ज्याला आपण घरात जेवू घालतो, त्याचे नाते घराबाहेर उच्चारण्याची सोय असावी, एवढेच मत आपण घरात, सभेत, आणि मत मागावयास येणाऱ्या उमेदवारापाशी बोलून दाखवावे. कायदा होईल तेव्हा होवो. अ‍ॅडम्स आणि सलिव्हन ह्यांच्याप्रमाणे तो एकाच्या मागे राहिलेल्या दुसऱ्याला मिळू नये. दोघे हयात असताना, आणि माझ्या बाबतीत आई दारात उभी असताना, मिळावा.