पाटीआधीची उमेदवारी

एम.बी.बी.एस. उत्तीर्ण झाल्यावरही इंटर्नशिप पुरी केल्याखेरीज आपल्यापैकी कोणालाही कायमची नोंदणी मिळाली नाही. वरिष्ठांच्या नजरेखालच्या त्या वर्षाने आपल्याला किती चुकांपासून वाचवले, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. मग समुपदेशकाला ही उमेदवारी नको काय?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या करताना दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.सोबत देखरेखीखालील प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख केला. समुपदेशक मात्र २०२१ च्या कायद्याने नोंदणीच्या कक्षेत आले. तोवर चार रविवारांच्या वर्गाचे प्रमाणपत्रही पाटी लावण्यास पुरत असे. पाटी रंगवणारा काही पदवी तपासत नाही!

"आत्महत्येचा विचार मनात येतो का?" हे थेट विचारायला नवशिका कचरतो. पुस्तक वाचून ते धैर्य येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून येते. त्यातून आपला सीमाभाग. निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणारी बाई 'नैराश्य' म्हणत नाही, "जिवाला घोर लागलाय" म्हणते. आणि तिच्या धडधडीमागे कधी थायरॉईड असतो, कधी रक्तक्षय. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत शिकणाऱ्याच्या कानावर हे मराठी कितीसे पडणार?

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की बेळगाव-निपाणीतील मनोविकारतज्ज्ञांनी व फिजिशियन बंधुभगिनींनी अशा प्रशिक्षणार्थींना आपल्या ओ.पी.डी.त, रुग्णाच्या संमतीने, बसू द्यावे आणि आठवड्यातून एक तास त्यांच्या रुग्णांची चर्चा करावी. मराठीत आणि कन्नडमध्येही. वेळ नाही, ही सबब मीही आजवर सांगत आलो. यंदापासून माझी बुधवारची दुपार त्यासाठी मोकळी ठेवली आहे.