जुन्या मोटारीला नवी चाके : आधी हिशेब, मग हौस



सोयाबीनचे पैसे हातात आले की घरातील तरुण मंडळींच्या मनात नवे बेत शिजू लागतात. त्यातला हल्लीचा एक बेत म्हणजे दारातल्या जुन्या मोटारीला रुंद टायर आणि चकचकीत अलॉयची चाके बसवायची. एस्टीम, आयकॉन, पॅलिओ अशा एके काळच्या पळणाऱ्या गाड्या आज खेड्यापाड्यांतून स्वस्तात मिळतात. इंजिनात अजून दम असतो, म्हणून मुलांचा जीव त्यांच्यावर जडतो. हौस करू नये असे मी म्हणणार नाही. पण याच गाडीतून आई-वडील दवाखान्यात जातात आणि लेक-जावई सणाला येतात. म्हणून चाक बदलण्याआधी थोडा हिशेब करावा. हा हिशेब गुणाकार येणाऱ्या कोणालाही जमेल.

टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे वाचायला शिका. समजा, तेथे १७५/७० आर १३ असे आहे. १७५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १२२.५ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १३ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा रिम झाली ३३०.२ मिलिमीटरची. तिच्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवा. चाकाची एकूण उंची आली सुमारे ५७५ मिलिमीटर. हा आकडा वहीत लिहून ठेवा. सगळा खेळ याच आकड्याचा आहे.

आता असे का, ते पाहू. आपल्या पेरणीयंत्राचे उदाहरण घ्या. जमिनीवर फिरणारे चाक बियाण्याची पेटी चालवते. ते चाक काढून मोठे बसवले, तर तेवढ्याच अंतरात त्याचे फेरे कमी होतात, बी कमी पडते आणि पीक विरळ उगवते. यंत्राला चाक बदलल्याचे कळत नाही, ते फक्त फेरे मोजते. जुन्या मोटारीचा वेगाचा काटाही तसाच फेऱ्यांवर चालतो. चाक मोठे झाले की काटा खरा वेग कमी करून सांगतो.

समजा, १३ इंची चाक काढून कोणी १९५/६५ आर १५ बसवले. त्याची उंची होते सुमारे ६३४ मिलिमीटर, म्हणजे दहा टक्के जास्त. काटा साठ दाखवील तेव्हा गाडी ताशी ६६ किलोमीटरने धावत असेल. फरक सहाचाच, असे समजू नका. गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ब्रेक दाबल्यावरचे अंतर एवढ्यानेच सुमारे एक पंचमांश वाढले. त्यात मोठ्या चाकाला थांबवायला त्याच जुन्या ब्रेकला जास्त जोर लागतो. शिवाय गिअर जड होतात, घाट चढताना गाडी दमते आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो. गाडी जमिनीपासून तीसेक मिलिमीटर उंच होते खरी, पण त्यासाठी एवढे मोल देऊ नये.

मग रुंद टायर बसवायचाच नाही का? बसवता येतो. नियम एकच : रिम मोठी कराल तर टायरची भिंत तेवढी बुटकी करा आणि एकूण उंची मूळच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवा. वरच्याच उदाहरणात १८५/६० आर १४ घेतला, तर उंची येते सुमारे ५७८ मिलिमीटर. १९५/५० आर १५ घेतला, तर ५७६. दोन्ही हिशेबाने चालतात, काटा बिघडत नाही.

पण कागदावर चालते ते आपल्या रस्त्यावर चालेलच असे नाही. मूळ टायरची भिंत १२२ मिलिमीटर होती, १५ इंची चाकावर ती ९७ उरली. खड्ड्याचा दणका आधी हवा आणि रबर झेलते. ही गादी पातळ झाली की दणका रिमला बसतो. रिम वाकते, किंवा टायरच्या आतले धागे तुटून बाजूला टेंगूळ येते. असा टायर केव्हा फुटेल याचा नेम नसतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचले की खोली दिसत नाही. गाव ते तालुका असा रस्ता असणाऱ्याने म्हणून एका इंचाच्या पुढे जाऊ नये. शेतरस्त्यावरच गाडी जास्त जात असेल, तर मूळ माप सोडूच नये.

टायरवर मापापुढे ८२ टी असे काहीतरी असते. ८२ हा भाराचा आकडा आहे, म्हणजे एका टायरवर ४७५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची परवानगी. नवा टायर घेताना हे दोन्ही मूळच्यापेक्षा कमी असता कामा नयेत. आपण पाच माणसे बसवून मागे पोतेही टाकतो, हे विसरू नका. बाजूवरचे चार आकडी अंक पाहा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. स्वस्त म्हणून वर्षानुवर्षे गोदामात पडलेला टायर घेऊ नका.

रिम घेताना नटांच्या भोकांचे अंतर जुळते का, ते पाहा. चार भोके दिसायला सारखी, पण कुठे त्यांचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, तर कुठे ११४.३ चे असते. ओढूनताणून नट बसवले तर चालत्या गाडीचे चाक निखळू शकते. मधले भोक हबवर नीट बसले पाहिजे. रिम बाहेर काढून बसणारी नको, तिने बेअरिंगवर ताण येतो. रिमची रुंदीही टायरला साजेशी हवी. १८५/६० आर १४ ला पाच ते साडेसहा इंचांची रिम चालते. बसवल्यावर पाच माणसे बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरते वळवा आणि टायर कोठे घासतो का, ब्रेकच्या नळीला लागतो का, ते वाकून पाहा.

स्टेपनीला विसरू नका. चार चाके नवी आणि पाचवे जुन्या उंचीचे, असे झाले तर अडल्या वेळी ते उपयोगी पडत नाही. हवा मात्र टायर थंड असताना तपासावी, स्टेपनीचीही.

शेवटी कायद्याविषयी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, की ज्याने नोंदणी पुस्तकातील तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही. खाजगी मोटारीची पंधरा वर्षे भरली की नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवर कंपनीने दिलेली मापे आधी पाहा. त्यात दोन मापे असतील तर मोठे निवडा. हौसही होईल आणि विम्याच्या वेळी वादही होणार नाही.

चिरंजीवांना रागावू नका. वही आणि पेन्सिल त्यांच्या हाती द्या आणि हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या. आकडा जुळला तर खुशाल चाके घ्यावीत. नाही जुळला, तर तेवढ्या पैशांत मूळ मापाचे चार चांगले टायर आणि ब्रेकचे नवे लायनर घ्यावेत. जुनी गाडी त्यानेही तरुण होते.