आरोग्याच्या दोन गोष्टी : ताप असेल तर शाळा नको



थंडी पडू लागली, की ऐन कस्फाच्या गरम झऱ्याकडे जायचे बेत सुरू होतात आणि त्याच सुमारास घरोघरी खोकलाही सुरू होतो. ओमानमध्ये फ्लूचा जोर साधारणपणे याच महिन्यांत असतो. म्हणून यावेळी विषय फ्लूचा.

आधी एक कबुली. मागे एकदा परीक्षा बुडू नये म्हणून आम्ही मुलाला सकाळी तापाचे औषध पाजून स्कूलबसमध्ये बसवले. अंग गार लागत होते. औषधाचा अंमल संपला आणि दुपारच्या आत शाळेचा फोन आला. आठवड्याभरात त्याच बसमधली आणखी तीन मुले आजारी पडली. त्यांतल्या एका घरी गावाहून आलेल्या आजींना इस्पितळात ठेवावे लागले. आजी सुखरूप घरी आल्या, आम्हांला कोणी बोलही लावला नाही. पण ती सकाळ आम्ही विसरलेलो नाही.

पुण्याच्या मंडळींना २००९ साल आठवत असेल. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी तिथे घेतला, तोही १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शाळा बंद करणे हा सरकारचा उपाय झाला. त्याच्या कितीतरी आधीचा उपाय आपल्या हातात असतो : आजारी मूल घरी ठेवणे.

तेव्हा एवढे लक्षात ठेवू या.

१. औषध न देता २४ तास ताप आला नाही, तरच मुलाला शाळेत पाठवावे. औषधाने उतरलेला ताप हिशेबात धरू नये. फ्लू लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस पसरू शकतो.

२. फ्लू विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. गावाहून आणलेल्या गोळ्या मनाने देऊ नयेत. मुलांना ॲस्पिरिन तर मुळीच नको. हळदीचे दूध, पेज, सूप जरूर द्यावे, पण तो आराम झाला, उपचार नव्हे.

३. दम लागणे, ओठ निळसर होणे, मूल पाणी न पिणे, गुंगीत राहणे, किंवा बरे वाटून पुन्हा ताप चढणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

४. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसे, मधुमेह किंवा दमा असलेले यांनी ताप येताच डॉक्टरांना भेटावे. फ्लूचे खास औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते.

५. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा असर यायला सुमारे दोन आठवडे लागतात. सहा महिन्यांवरील बाळांनाही ती देता येते. आई-वडील इकडे येणार असतील, तर त्यांना निघण्यापूर्वीच लस घ्यायला सांगावे.

६. खोकताना तोंडासमोर रुमाल किंवा कोपर धरावे. घरी आल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत.

दोघेही नोकरीवर असताना मूल घरी ठेवणे किती अवघड आहे, हे आम्ही जाणतो. इथे हाकेला आजी-मावशी नसतात. मग आपणच एकमेकांना हाक मारू या. कुणी बुडलेला अभ्यास आणून द्यावा, कुणी डबा पोचवावा.

आणि हो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताप-खोकला अंगावर काढून कोणी येऊ नये. कोणी रागावणार नाही. तिळगूळ आणि वाण आम्ही दारात आणून देऊ.