बंदी आणि बातमी

शाळकरी मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणावरून २० ऑगस्ट २०२४ रोजी चिखलोलीशेजारच्या बदलापुरात लोकक्षोभ उसळला. पाठोपाठ तेथील इंटरनेट बंद झाले. अफवा रोखणे, हा अशा बंदीचा नेहमीचा युक्तिवाद. परंतु बंदीने बातमी थांबत नाही. ती वाट बदलते. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहतांचे गुप्त रेडिओ केंद्र चालले; आणीबाणीत सायक्लोस्टाइल पत्रके हातोहात फिरली. मात्र तोंडोतोंडी फिरणाऱ्या वार्तेची शहानिशा दुष्कर असते. खोटे नाणे खऱ्याला बाजारातून हुसकावते, तसेच येथेही घडते. बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावले आहे. ते आदेश आणि पडताळलेली माहिती शाळा, ग्रंथालये, स्थानके यांच्या फलकांवर लावणे, हाच अफवेवरील खरा उतारा होय.